खंडेनवमीला बंद पडलेला डबा

आमच्या चाळीचं इंटरनेट माझ्या दारावर राहतं. चौकटीच्या वर एक लाकडी पेटी ठोकलेली आहे, तिला जाळीचं झाकण, झाकणाला कुलूप आणि आत राऊटर. आम्ही सगळे त्याला डबा म्हणतो. कोणाच्या घरात काही अडलं की लोकं आधी माझ्या दाराकडे बघतात, जसा काही मीच तो डबा पोटात घेऊन बसलेय.

पेटीची किल्ली लवू भावजींच्या कमरेला असते. लवू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पलीकडच्याच खोलीत राहतात, त्यांच्या गुणवंतीबरोबर. मालन, म्हणजे गुणवंतीची आई, पोरगी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच. जेवण अर्धं त्यांच्या चुलीवर, अर्धं माझ्या.

सकाळी आंघोळ झाली की भावजी स्टूल घेऊन येतात. झाकण उघडून आधी दिवे बघतात, कुठला हिरवा, कुठला लुकलुकतोय. मग पालथा हात डब्यावर ठेवतात, पोराचा ताप बघावा तसा. अंग गरम लागलं तर वारा यायला झाकण थोडं उघडं ठेवतात. मग गॅलरीतून एकेका दाराशी विचारत जातात, "काय गो नलू, चालता मां?"

नलू आमची शेजारीण, तोंडाची फाटकी. ती आतून ओरडते, "डबा चालतो हो लवूकाका, तुमचे गुडघे चालतात का ते सांगा!"

संध्याकाळी परत हीच फेरी.

लाइन देतो तो हेरंब, शिवडीचा. आमच्या बाजूच्या बऱ्याच चाळींत त्याचं काम आहे. डबा बसवला तेव्हा त्याने भावजींना एक गोष्ट बजावली होती. घरं वाढली किंवा काही बदललं, की डब्यातल्या सगळ्या सेटिंगची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवायची आणि तो पेनड्राइव्ह डब्यापासून लांब ठेवायचा. भावजींना हे लगेच पटलं. मिलमध्ये कायमचा माणूस आला नाही की फाटकाशी उभा असलेल्या बदली कामगाराला आत घ्यायचे, तशातलंच हे. गुणवंतीने लॅपटॉपवर नक्कल कशी काढायची ते दाखवलं. भावजी ते मन लावून शिकले आणि पेनड्राइव्ह माझ्या देव्हाऱ्यात आणून ठेवला. म्हणाले, "वयनी, तुमच्या देवाक कोण हात लावणा नाय."

खरं होतं. माझ्या देव्हाऱ्याला हात लावायची कोणाची छाती नाही.

आता हा माणूस डब्यापर्यंत कसा पोचला ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भावजी गावाहून आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. आमच्या ह्यांनी, बाबुरावांनी, त्यांना आपल्याच मिलमध्ये चिकटवलं. रिंग खात्यात तेलवाल्याचं काम. हातात लांब चोचीची बुधली आणि खिशात सायकलची तार, टोक घासून बारीक केलेली. साच्याला, म्हणजे सूत कातायच्या यंत्राला, जागोजागी तेलाची भोकं असतात, त्यांत कापूस उडून बसतो. भोक बुजलं की तेल आत जात नाही, बेअरिंग तापून जळतं. म्हणून आधी तार घालायची, दाबून फिरवायची, कचरा काढायचा आणि मगच तेल. भावजी घरी आले तरी बोटं तेच करत. माझ्या स्टोव्हचं भोक, शिवणयंत्राचं भोक, नळाच्या तोटीचं भोक, काही सोडलं नाही. एकदा लग्नात पिपाणीवाल्याच्या पिपाणीत तार घालायला निघाले होते, ह्यांनी हात धरला म्हणून वरात वाचली.

मिलमध्ये असताना एकदा बेअरिंग जळलं. विठोबा म्हणून त्यांचा जोडीदार होता, सरळ माणूस. त्याने खात्याच्या साहेबाला आपणहून सांगितलं, माझ्याकडून राहून गेलं. दुसऱ्या दिवशी विठोबा फाटकाबाहेर. भावजींनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून एक धरून ठेवलं, कोणी विचारलं तर तोंड उघडायचं नाही.

मग ब्याऐंशीचा संप आला. लोकांना वाटलं होतं, दोन पगार बुडतील आणि मिटेल. मिलचे भोंगे नंतर कधी नीट वाजलेच नाहीत. आमचे हे गावी शेतात गेले, परत आले, पुन्हा गेले ते तिथेच राहिले. भावजी शिवडीच्या गोदामात पोती उचलायला लागले, माझगावला गोदीच्या दाराशी काही दिवस उभे राहिले, मग केबल टीव्ही आला तसे एका केबलवाल्याकडे वायरी ओढायला लागले, ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर. तिथूनच हेरंबची ओळख. मिलच्या जागेवर टॉवर उभे राहिले, तीन. त्यांनी आमचा वारा नेला आणि मोबाइलची रेंजही. फोन करायचा तर जिने उतरून नाक्यावरच्या पानाच्या गादीपाशी उभं राहावं लागतं. म्हणून आमच्याकडे डब्याचा एवढा मान.

गुणवंती नर्स झाली. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली आणि तिथल्या मैत्रिणींचं ऐकून तिने आयर्लंडच्या हॉस्पिटलात अर्ज केला. भावजींना हे कळलं त्या दिवशी आमच्या गॅलरीत भांड्यांशिवाय सगळं आपटलं.

"थंय तुका कोण असा?" भावजी विचारत होते. "आजारी पडलंस तर पाणी कोण देतला?"

"बाबा, मी नर्स आहे. पाणी मीच देते सगळ्यांना."

"इथली माणसां आजारी पडनत नाय?"

ती म्हणाली, पुढच्या महिन्यात लॅपटॉपवरच मुलाखत आहे, डब्याची लाइन तेवढी नीट ठेवा. तेव्हा भावजी रागाच्या भरात बोलून गेले, आणि अख्ख्या मजल्याने ऐकलं, "त्या दिवशी डबो बंद पडलो तरी मी स्टुलावर चढूचंय नाय!"

झालं. त्यावर दोघांचं बोलणं बंद. पोळ्या ती करायची, ताट मी नेऊन द्यायची.

पहिल्या मुलाखतीच्या वेळी तिला वॉर्डात अडकून पडावं लागलं, ती हुकली. तिकडच्या बाईंनी दुसरी तारीख दिली आणि स्पष्ट लिहिलं की तिसरी मिळणार नाही. दुपारी तीन वाजता, खोलीत एकटीने, लॅपटॉपसमोर. ती तारीख नेमकी खंडेनवमीची निघाली. त्यांना काय ठाऊक खंडेनवमी.

गिरणीतल्या माणसाला दिवाळी एक वेळ चुकवता येईल, खंडेनवमी नाही. साचे पुसायचे, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मिल गेली तरी भावजींनी हे सोडलं नाही. त्या सकाळी माझ्या देवासमोर पाट मांडून त्यांनी आपली हत्यारं ठेवली. मिलमधली तेलाची बुधली, पक्कड, टेस्टर आणि त्यांच्या शेजारी पेनड्राइव्ह. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता, फूल. मग झेंडूचं तोरण घेऊन डब्याकडे. मी खाली तबक धरून उभी होते.

"न पुसता कुंकू कसा लावतलंय?" असं म्हणत ते डबा पुसायला लागले. साचे बंद ठेवून पुसायचे असतात, पण डबा बंद केला की चाळ बोंबलते, म्हणून तो चालूच होता. पुसता पुसता त्यांनी डबा उलटा केला. मागे एक बारीक भोक होतं.

"वयनी, ह्या बघा. कचरो बसलोहा."

मला कुठलं दिसतंय तिथून. भावजींनी खिशातली तार काढली, भोकात घातली, दाबून धरली आणि फिरवली, मिलमध्ये करायचे तशी. डब्याचे सगळे दिवे एकदम गेले. मग एकेक करून परत आले.

"आता श्वास मोकळो झालो," भावजी म्हणाले, आणि हार घातला.

दुपार होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी जाळ्या काढणं आणि तोरणं चाललेली. गुणवंती रात्रपाळी करून आली होती, ती झोपलेली. जेवून, केस विंचरून, इस्त्रीचा पांढरा कुडता घालून तिने लॅपटॉप उघडला तेव्हा दोन वाजून गेले होते. ती बाहेर आली तीच पांढरीफटक होऊन.

"काकी, आपल्या लाइनचं नावच दिसत नाही. भलतंच कायतरी दिसतंय, ABC आणि आकडे."

नलू दारातून म्हणाली, "माझ्याकडे पण नाही गं चालत. मला वाटलं, मोबाइललाच सणाची सुट्टी."

भावजी स्टुलावर चढले. चढणार नाही म्हणाले होते, पण चढले. दिवे होते. पालथा हात लावला, ताप नव्हता. "डबो बराच असा," म्हणाले. पण आवाज बरा नव्हता.

हेरंबला गाठायला हवं होतं. आमच्या तळमजल्याचा कुशाबा फोन घेऊन नाक्यावर धावला. फोन नाक्यावर, डबा दुसऱ्या मजल्यावर, तेव्हा मधली लाइन माणसांची करावी लागली. कुशाबा गादीपाशी फोन कानाला लावून उभा, नलू जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत आणि मी गॅलरीत. हेरंब काय म्हणतो ते कुशाबा ओरडायचा, नलू ते माझ्याकडे ओरडायची, मी भावजींना सांगायची. भावजींचं उत्तर त्याच वाटेने खाली. हेरंब रे रोडला भावाच्या लाकडाच्या वखारीत पूजेला बसला होता. त्याच्याकडचा ढोल आम्हाला कुशाबाच्या तोंडून ऐकू आला नाही एवढंच.

"हेरंब म्हणतोय, बंद करून चालू करा!"

केलं. काही नाही.

"दिवे कसे आहेत विचारतोय!"

"सगळे लागलेहत म्हणान सांगा."

मग नलूची हाक आली, "काकी, तो विचारतोय, कोणी डब्याला हात लावलाय का? काही दाबलंय का?"

मी भावजींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. गळ्यातला हार नीट करावा तसा डब्याचा हार नीट करत बसले.

"नाय म्हणान सांगा," म्हणाले.

मी काय करू? मी 'नाही' खाली पाठवलं. तार घालणं म्हणजे दाबणं होतं की काय, हे मला तरी कुठे ठाऊक. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

तिकडे हेरंबला वाटलं वायर तुटली. "गच्चीवर बघा, उंदरांनी खाल्ली असेल!" गच्चीवर धावाधाव. कुशाबाचा भाऊ वायर हाताने चाचपत अख्खी गच्ची फिरला. वायर धड. "खालच्या पेटीत बघा!" खालची पेटीही धड. गुणवंती दारात उभी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतेय. कोणीतरी म्हणालं, पोरीला टॅक्सीने दादरला मैत्रिणीकडे पाठवा. पण खंडेनवमीची दुपार, फुलबाजाराकडून टॅक्सी जाणार कशी, लोक फुलांच्या गोण्यांवरून चालत होते. आणि नाक्यावर रेंज असली तरी तिकडच्या बाईंनी लिहिलेलं, बंद खोली, आवाज नको.

गुणवंती रडली नाही. तीच गोष्ट वाईट होती. हळूच म्हणाली, "राहू दे काकी. बाबा बोललेच होते."

भावजींनी ते ऐकलं. त्यांचा हात डब्यावर होता, तो तिथेच राहिला.

मी स्टुलाजवळ गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलले. "भावजी, सकाळची तार."

"वयनी, गप रवा."

"ती तार सांगा त्या पोराला. कदाचित त्यातूनच कळेल त्याला."

"सांगितलंय तर ती काय समजतली? सगळी चाळ काय समजतली? मी बोललेलंय ता सगळ्यांनी ऐकलाहा." त्यांनी दारातल्या गुणवंतीकडे बघितलं. "मुद्दाम केलंय म्हणतली ती. जलमभर म्हणतली."

"आणि नाही सांगितलं तर?"

ते परत हाराशी चाळा करायला लागले.

"तुम्ही नाही ओरडलात तर मी ओरडते," मी म्हटलं. "आणि माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे."

भावजी स्टुलावरून उतरले. मला वाटलं, घरात जातात. ते कठड्यापाशी गेले, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि असे ओरडले की समोरच्या चाळीतली माणसं बाहेर आली.

"कुशाबा! हेरंबाक सांग! सकाळी डब्याच्या मागच्या भोकात मी तार घातलंय! दाबून धरलंय! मी केलंय, ह्या लवून!"

नलूचं काम वाचलं. ते थेट नाक्यापर्यंत गेलं. खाली पानवाल्याने चुना लावायचा थांबवला.

गुणवंती दारातून पुढे आली. "बाबा. मुद्दाम?"

भावजींनी तिच्याकडे वळून बघितलं. "आधी तुझा काम," एवढंच म्हणाले.

खालून कुशाबा इतक्या जोरात ओरडला की नलूने कानांवर हात ठेवले. "तो म्हणतोय, मग सोपं आहे! डबा सगळं विसरलाय, नव्या डब्यासारखा झालाय! पेनड्राइव्ह कुठाय?"

पेनड्राइव्ह माझ्या देवासमोर होता. तोंडात हळद, कुंकू आणि एक अक्षत अडकलेली. मी आणला तेव्हा भावजींनी सवयीने तारेला हात घातला.

"तार नको!" मी आणि गुणवंती दोघी एकदम ओरडलो.

ती आत गेली, स्पिरिट आणि कापूस घेऊन आली. पोराच्या कानातला मळ काढावा तसा तिने पेनड्राइव्ह साफ केला. मी पदराने वारा घालत होते, वाळावं म्हणून. मग लॅपटॉप स्टुलावर, वायर डब्यात. हेरंब सांगत होता, कुशाबा ओरडत होता, नलू पोचवत होती आणि गुणवंतीची बोटं चालत होती. पहिल्यांदा लॅपटॉपने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही. तिने काढला, पुन्हा पुसला, फुंकला, घातला. ह्या खेपेला ओळखला.

"आता नक्कल परत चढवायची! चढेपर्यंत कोणी वीज बंद करू नका म्हणतोय! मध्येच गेली तर डबा कायमचा मेला!"

नलूने जिन्यातूनच सगळ्या मजल्याला दम दिला, "इस्त्री, मिक्सर, गीझर, कोणी काय लावाल तर बघा! मीटर उडाला तर मी तुम्हाला उडवीन!"

गुणवंतीने बटण दाबलं आणि डब्याचे दिवे गेले. सगळे.

गॅलरीतली सगळी माणसं डब्याकडे बघत राहिली. भावजी डब्याला हात लावायला पुढे झाले आणि स्वतःच थांबले, हात मागे बांधून उभे राहिले. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही आठवेना.

एक दिवा आला. दुसरा आला. तिसरा लाल झाला, तसाच लाल राहिला, आणि मग लुकलुकत हिरवा झाला.

"काकी, आपलं नाव आलं!" गुणवंती म्हणाली आणि लॅपटॉप छातीशी धरून आत पळाली. दार लागलं.

तीन वाजून थोडी मिनिटं गेली होती. घेतलं की नाही आत तिला, आम्हाला काय कळणार. भावजी तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसले. आतून तिचा इंग्रजी आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग तासभर त्यांनी कोणाला त्या बाजूने जाऊ दिलं नाही. कुशाबा खालून विचारत आला, "काय झालं रे?" तर त्याच्यावर असे डोळे वटारले की तो आल्या पावली खाली गेला. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायला आली तर नलू जाऊन गॅस बंद करून आली. ते कालवण अर्धंकच्चंच खाल्लं म्हणे त्यांनी.

दार उघडलं तेव्हा गुणवंतीचा कुडता पाठीवर भिजला होता. आठवड्याने कळवतील म्हणाली. बापाकडे बघितलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायली आणि विचारलं, "काकी, खरं सांगा. मुद्दाम केलं का त्यांनी?"

"मी तबक धरून तिथेच उभी होते," मी म्हटलं. "मुद्दाम करणारा माणूस भोकात तार घालून 'श्वास मोकळा झाला' म्हणत नाही. आणि त्याला बंदच ठेवायचं असतं तर कठड्याशी जाऊन ओरडला असता का? गप्प बसणं त्याला चांगलं जमतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून जमतं."

तिने पेला विसळून ठेवला आणि निघून गेली. पण त्या रात्री ताट मला न्यावं लागलं नाही. तिने स्वतः वाढलं.

पेनड्राइव्हवरची नक्कल मागच्या महिन्याची होती, त्यानंतरची काढायची राहून गेली होती, त्यामुळे नवीन आलेली दोन घरं डबा विसरला तो विसरलाच. त्यांनी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, भावजींना भरपूर ऐकवलं. भावजी हसत हसत ऐकून घेत होते. हेरंबने येऊन त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

आयर्लंडहून होकार आला. गुणवंतीने तो आधी बापाला वाचून दाखवला, मराठीत करून. भावजींनी पूर्ण ऐकला, 'बरा' म्हणाले आणि पायात चपला घालून बाहेर गेले. मी म्हटलं, झालं, परत अबोला. अंधार पडला तरी पत्ता नाही.

मग आले ते हातात मोठी पिशवी घेऊन. परळला रस्त्यावर थंडीचे स्वेटरवाले नुकते बसायला लागले होते. तिथून आणलेला स्वेटर इतका जाड होता की पिशवीतून निघता निघेना.

"वयनी, तो स्वेटरवालो म्हणी, एवढो जाड मुंबईत कोण घालता?" भावजी सांगत होते. "मी म्हटलंय, तुका काय करूचा? देऊचो तर दी."

गुणवंतीने तो तिथल्या तिथे घातला. पंखा लावला तरी घामाने निथळत होती, पण झोपेपर्यंत काढला नाही.